अक्षराशी अडणारी मुले आणि मोफत साधने

वाचताना आणि लिहिताना अडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य मिळणाऱ्या साधनांची संख्या गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतकी वाढली आहे की, इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुरते पाहिले तर पैशाची अडचण जवळजवळ उरलेली नाही. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याच्यासाठीही मजकूर वाचून दाखवणारे आवाज आहेत, बोललेले लिहून घेणारे कळफलक आहेत, छापील पानावरची अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आहेत आणि यांपैकी बहुतेकांना दमडीही पडत नाही; परंतु ज्या मजकुरावर ही साधने चालवायची तो त्यांना उलगडेल अशा रूपात सहसा मिळत नाही, आणि ज्या परीक्षेसाठी तो अभ्यासायचा त्या परीक्षेच्या खोलीत या साधनांना प्रवेश मिळणे अजून अपवादाचेच आहे. साधनांची यादी करण्यापेक्षा ही दोन अडचणीची ठिकाणे तपासणे अधिक उपयोगाचे असल्याने प्रस्तुत आढाव्याचा भर त्यांवर आहे.

हा आढावा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारखी वस्ती डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे, कारण महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या शहरांत जी शैक्षणिक परिस्थिती सर्वसाधारणपणे आढळते ती या पेठेत थोड्या जागेत एकवटलेली दिसते. निवृत्ती चौकातील अर्ध्या शिवाजी पुतळ्याच्या आसपास मराठी आणि सेमी-इंग्रजी या दोन्ही वाटांनी शिकणारी मुले राहतात, घरची बोली ठसठशीत कोल्हापुरी असते, घरात संगणक असेलच असे नाही पण वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा स्मार्टफोन असतो, आणि ‘पोरगं हुशार हाय, पण वाचायला बसंना’ ही तक्रार तालमीच्या कट्ट्यापासून शाळेच्या पालकसभेपर्यंत एकाच शब्दांत केली जाते. याच कोल्हापूरच्या संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आणण्याचा प्रश्न तेव्हा हाती घेतला गेला. शाळेत आलेल्या मुलाला समोरचे पान वाचता येत नसेल तर काय करायचे, याकडे कायद्याचे लक्ष जायला त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षे लागली.

प्रथम संज्ञा. बुद्धी, दृष्टी आणि श्रवण यांत दोष नसताना, शिकण्याची संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणन या कौशल्यांत सातत्याने जी अडचण राहते तिला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. तिच्यात वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची म्हणजे डिसग्राफिया आणि आकडेमोडीची म्हणजे डिस्कॅल्क्युलिया हे प्रकार येतात. डिस्लेक्सिया हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये योजला, आणि १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशा एका मुलाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात छापले, तेव्हा ही अवस्था ‘शब्दांधत्व’ मानली जात होती. दोष डोळ्यांत नसून ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणाऱ्या मेंदूच्या प्रक्रियेत आहे, ही समजूत पुढे विसाव्या शतकात पक्की झाली. आमिर खान यांच्या ‘तारे जमीन पर’ या २००७ च्या चित्रपटाने हा शब्द भारतातल्या घराघरांत नेला खरा, पण त्याबरोबर असे मूल चित्रकलेत असामान्य असतेच अशी एक गोड गैरसमजूतही नेली.

महाराष्ट्राने या बाबतीत पाऊल लवकर उचलले. १९९६ पासून राज्यात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल गुण न कापणे, लेखनिक, एखादी भाषा वगळून दुसरा विषय घेणे अशा सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालय तपासणीचे एक मुख्य केंद्र ठरले. केंद्राच्या १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र या अक्षमतेला स्थानच नव्हते. ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने दिले आणि १९ एप्रिल २०१७ पासून ती एकवीस दिव्यांगत्वांपैकी एक म्हणून गणली जाऊ लागली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिले प्रमाणपत्र आठव्या वर्षी आणि फेरतपासणी चौदाव्या व अठराव्या वर्षी असा क्रम घालून दिला. सायन कोल्हापूरपासून पावणेचारशे किलोमीटरांवर आहे. प्रमाणपत्राचा प्रश्न पेठेतल्या पालकाला किती दूरचा वाटत आला असेल याची कल्पना या अंतरावरून यावी.

अंतराखेरीज दुसरी अडचण तपासणीच्या भाषेची. इंग्रजीसाठी बेतलेल्या चाचणीवर मराठी माध्यमाचे मूल अडले, तर ते वाचनअक्षमतेमुळे अडले की इंग्रजी न आल्यामुळे, हे सांगता येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेला ‘डाली’ हा संच या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही बनवला गेला आणि त्यात पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवी अशा दोन टप्प्यांसाठी शिक्षकांनी वापरायच्या प्राथमिक छाननीच्या प्रश्नावल्या आहेत. ही छाननी म्हणजे निदान नव्हे. कोणत्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे एवढेच ती सांगते, पण शाळेत तेवढेही फार असते.

मराठी वाचताना मूल नेमके कुठे अडते हे पाहिल्याशिवाय साधनांची पारख करता येत नाही. पाठ्यपुस्तकात पदोपदी येणारा ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द घ्यावा. कानाला त्यात वि, द्या, र्थ्यां, नी अशी चार अक्षरे ऐकू येतात. डोळ्याला मात्र पहिल्याच अक्षरात उच्चारात नंतर येणारी वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते. दुसऱ्यात द आणि य एकमेकांत मिसळून नवाच आकार तयार होतो. तिसऱ्यात थच्या आधी उच्चारायचा र रफार होऊन सगळ्या जोडाक्षराच्या डोक्यावर, उजवीकडे, अनुस्वाराला खेटून बसतो. आणि चौथ्यात दीर्घ वेलांटी ऱ्हस्व वेलांटीच्या उलट्या बाजूला जाते. म्हणजे उच्चाराचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एका शब्दात दोनदा फिरतो. इंग्रजीत मुलाची अडचण असते ती एकाच अक्षराचे अनेक उच्चार होण्याची. मराठीत उच्चार बरेचसे ठरलेले असतात, पण बाराखडी, जोडाक्षरे आणि एका रची चार-पाच रूपे मिळून ओळखायच्या आकारांची संख्या काही शेकड्यांत जाते. त्यामुळे मराठी वाचणारे अडखळते मूल शब्द साफ चुकवण्यापेक्षा फार सावकाश वाचते, आणि ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरते. अशा मुलाला पहिली मदत हवी ती मजकूर कानांवर पडण्याची.

मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालींत सर्वांत परिचित नाव एनव्हीडीए या मुक्त प्रणालीचे आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून ती घडवली, आणि ई-स्पीक या छोट्या मुक्त आवाजयंत्राच्या साह्याने ती मराठीही वाचते. या आवाजाला इंटरनेट लागत नाही, जुन्या संगणकावरही तो चालतो, पण तो यांत्रिक असतो आणि सवय होईपर्यंत कानाला टोचतो. शिवाय एनव्हीडीए मुळात दृष्टिहीनांसाठी असल्याने पडद्यावरची प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण वाचत सुटते. ज्याला पडदा दिसतो पण ओळ उलगडत नाही अशा मुलाला तिचा उपयोगापेक्षा जाचच अधिक. त्याच्यासाठी निवडलेला तेवढाच भाग वाचणारी सोय बरी. अँड्रॉइड मोबाइलवरील ‘सिलेक्ट टु स्पीक’ ही सोय अशी आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधील मोठ्याने वाचण्याच्या सोयीत आरोही आणि मनोहर या नावांचे दोन मराठी आवाज आहेत, जे वेग कमी करून ऐकता येतात आणि वाचला जाणारा शब्द रंगवून दाखवतात. कान आणि डोळा एकाच शब्दावर एकाच क्षणी असणे हे या मुलांच्या दृष्टीने मोलाचे आहे. एजमधले हे आवाज बरेच नैसर्गिक आहेत, पण त्यांना इंटरनेट लागते.

मराठी वाचनाच्या काही खोचा यंत्रालाही चकवतात. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ या दोन शब्दांतला च एकाच चिन्हाने लिहिला जातो, उच्चार मात्र एकात तालव्य आणि दुसऱ्यात दंततालव्य होतो. हा फरक लिपी दाखवत नाही, म्हणून यंत्राला तो शब्दसंग्रहातून किंवा बोललेल्या मराठीच्या मोठ्या साठ्यातून शिकवावा लागतो. आयआयटी मद्रासमधील एआय-फॉर-भारत हा गट, २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम आणि लोकांनी दिलेल्या आवाजांवर उभा राहिलेला मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा प्रकल्प, हे सर्व मराठीसाठी असा साठा खुला करत आहेत. आवाजाचा प्रश्न त्यामुळे सुटण्याच्या मार्गावर आहे, असे म्हणता येते.

मजकुराचा प्रश्न तसा नाही. मराठी छपाई संगणकावर आली ती श्री-लिपी, आकृती यांसारख्या फॉन्टसंचांच्या बळावर, आणि त्या काळी युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी व्यवस्था रुळलेली नसल्याने या फॉन्टांनी देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवले. पानावर सुरेख मराठी दिसते, संगणकाच्या लेखी मात्र तिथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग असतो. युनिकोडमध्ये ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द पंधरा क्रमांकांत आणि उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो, म्हणजे व आधी आणि वेलांटी नंतर, र आधी आणि थ नंतर. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला हाच क्रम हवा असतो. जुन्या फॉन्टात वेलांटी आधी आणि रफार शेवटी असा दिसण्याचा क्रम असतो. अशी फाइल यंत्रापुढे ठेवली तर ते एकतर गप्प बसते किंवा इंग्रजी अक्षरांचे तुकडे बरळू लागते. युनिकोडमधून तयार केलेल्या पीडीएफचीही खात्री नसते, कारण पीडीएफ हा मूलतः पानाचे रूप जपणारा प्रकार आहे आणि त्यातून देवनागरी उचलताना वेलांट्या व रफार पुष्कळदा जागा सोडतात. पाठ्यपुस्तक ‘ऑनलाइन मोफत’ असणे आणि ते वाचनसाधनाला वाचता येणे या दोन गोष्टींत म्हणूनच फार अंतर पडते, आणि धोरणाच्या कागदांत हे अंतर क्वचितच दिसते.

यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण होते: पुस्तकाच्या डिजिटल प्रतीपेक्षा छापील पानाचा मोबाइलने काढलेला फोटो अधिक उपयोगी पडतो. फोटोतील आकार ओळखून त्यांचे युनिकोड मजकुरात रूपांतर करण्याच्या तंत्राला अक्षरओळख म्हणतात. टेसरॅक्ट ही त्यासाठीची मुक्त प्रणाली ह्यूलेट-पॅकार्डने १९८५ ते १९९४ या काळात बनवली, २००५ मध्ये ती खुली झाली आणि आज ती मराठी ओळखते. गुगल लेन्स आणि गुगल ड्राइव्ह यांतही ही सोय विनामूल्य आहे. स्वच्छ छापलेल्या गद्य पानावर निकाल चांगला येतो. पान दोन स्तंभांचे असले, चौकटी आणि रंगीत पार्श्वभूमी असली, गणिताची सूत्रे असली किंवा दिवाणखान्यातल्या पिवळट दिव्याखाली फोटो काढला असला, तर घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होऊ लागते. याच जोड्यांत वाचताना अडणारे मूलही फसते. यंत्र आणि मूल एकाच ठिकाणी ठेच खातात, म्हणून मुलाच्या हाती मजकूर देण्यापूर्वी मोठ्या माणसाने त्यावर एकदा नजर फिरवणे टळत नाही.

असे रूपांतर करणे कायदेशीर आहे का, ही शंका शिक्षकांच्या मनात असते आणि ती अनाठायी आहे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात साहित्य रूपांतरित करण्याची मुभा दिली, अट एवढीच की त्यात नफ्याचा हेतू नसावा. २०१३ च्या माराकेश करारात मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांत दृष्टिहीनांबरोबर वाचनअक्षमता असलेल्यांचाही समावेश आहे, आणि हा करार मंजूर करणारा जगातील पहिला देश भारत आहे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय याच भूमिकेवर उभे आहे. दृष्टिहीनांच्या संस्थांना त्याची चांगली ओळख आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या पालकांना आपणही त्याचे हक्कदार आहोत हे बहुधा ठाऊकच नसते.

मजकुराच्या दिसण्याबद्दल बोलले जाते पुष्कळ, पण ठोस असे थोडेच आहे. ओपनडिस्लेक्सिक हा २०११ मधला मोफत फॉन्ट फार गाजला. अक्षरांचे बूड जाड ठेवले की ती उलटीसुलटी भासत नाहीत असा त्यामागचा विचार होता, पण नंतरच्या चाचण्यांत त्याने वाचनाचा वेग किंवा अचूकता वाढल्याचे आढळले नाही, आणि तो रोमन लिपीचा असल्याने मराठीला त्याचा उपयोगही नाही. अक्षरांतील अंतर वाढवण्याचा उपाय अधिक भरवशाचा ठरला; २०१२ मध्ये इटालियन व फ्रेंच मुलांवर झालेल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला. तो देवनागरीत जसाच्या तसा आणता येत नाही, कारण शब्दातली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात आणि अंतर वाढवले की ती रेषा तुटून शब्दच विस्कटतो. मराठीत वाढवता येते ते शब्दांमधले आणि ओळींमधले अंतर, शिवाय अक्षराचा आकार. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने तयार केलेला ‘मुक्त’ किंवा गुगलचा ‘नोटो’ यांसारखा साधा, खुल्या परवान्याचा युनिकोड फॉन्ट मोठ्या आकारात आणि सुट्या ओळींत वापरला, तर या विषयावर आणखी खर्च करण्याचे कारण उरत नाही.

लिहिण्याच्या बाजूला मराठीत एक खरोखर विचारपूर्वक केलेले साधन आहे, ते म्हणजे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला आणि २०१३ पासून विनामूल्य मिळणारा ‘स्वरचक्र’ हा कळफलक. त्यावर क या अक्षराला बोट लावले की त्याच्याभोवती चक्रासारखी का, कि, की, कु, कू ही सगळी रूपे उमटतात आणि हव्या त्या दिशेला बोट सरकवले की ते अक्षर लिहिले जाते. लेखनअक्षमता असलेल्या मुलाला अक्षराचा आकार आठवून तो हाताने वळवणे हे सर्वांत जड जाते. इथे त्याला आकार आठवायचा नसतो, समोरच्यांतून ओळखायचा असतो. शाळेत पाठ केलेली बाराखडीच बोटाखाली फिरत असल्याने नवे काही शिकावेही लागत नाही. सरकारी मान्यतेच्या इन्स्क्रिप्ट कळफलकाचीही बाजू मांडता येईल, कारण त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी ध्वनीनुसार मांडणी आहे. पण तो शिकायला वेळ लागतो आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकण्याची सवय एकदा लागली की मूल त्याच्याकडे वळत नाही. या सवयीत मुलाला मराठी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवावे लागते, हे ध्यानात घेतले तर अडखळणाऱ्या मुलाला तिच्यापासून दूर ठेवणेच श्रेयस्कर.

बोलून लिहिण्याची सोय, म्हणजे ज्याला सर्वत्र व्हॉइस टायपिंग म्हटले जाते ती, गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी खुली केली आणि आज ती मोबाइलच्या कळफलकावर सहज मिळते. ज्याला तोंडी उत्तर पूर्ण येते पण वहीत दोन ओळींपुढे जाता येत नाही अशा विद्यार्थ्याला तिच्यामुळे प्रथमच आपला अख्खा निबंध कागदावर दिसू शकतो. मात्र येथे कोल्हापूरचा प्रश्न उभा राहतो. यंत्र बोललेला ध्वनी जसाच्या तसा उतरवत नाही. आपल्या साठ्यातील मजकुरात जे अधिक संभवते ते लिहिते, आणि हा मजकूर बव्हंशी प्रमाण मराठीतला असतो. त्यामुळे ‘न्हाई’चे ‘नाही’ आणि ‘पानी’चे ‘पाणी’ होण्याचा संभव असतो, जे मुलाला सोयीचेच आहे; पण ‘कराय लागलाय’, ‘जायाचं न्हवं’ असली वळणे आली की वाक्य भलतीकडे जाऊ शकते. कोल्हापुरात मुलीही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात. यंत्र हे वाक्य निमूटपणे तसेच लिहिते आणि बाईंच्या लाल पेनाला ते चूक वाटते. बोलीचे रूप आणि अक्षमतेची खूण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात ध्यानात ठेवावे लागते, कारण ‘शाळंला’ लिहिणाऱ्या मुलाला तपासणीसाठी पाठवणे जितके चूक, तितकेच ‘शाळेला’ हा शब्द तीन ओळींत तीन तऱ्हांनी लिहिणाऱ्या मुलाकडे बोली म्हणून दुर्लक्ष करणेही. विरामचिन्हे घालण्याच्या बाबतीतही मराठी व्हॉइस टायपिंग अजून इंग्रजीइतके भरवशाचे नाही, म्हणून तयार होणारा मजकूर एका दमात बोललेल्या लांबलचक वाक्यासारखा दिसतो आणि त्याचे तुकडे पाडणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

शुद्धलेखन तपासनिसाबद्दल अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स या मुक्त प्रणालींत मराठी शब्दसूची जोडता येते, परंतु मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते आणि एकाच ‘घर’ शब्दापासून घराला, घरातून, घरापाशी, घरच्यांनीसुद्धा अशी असंख्य रूपे निघतात. ती सगळी सूचीत बसवणे अवघड असल्याने तपासनीस बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढतो. अडखळणाऱ्या मुलाच्या पानावर आणखी लाल रेघा नकोत. त्यातून १९६२ च्या आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या लेखननियमांनुसार ‘वकील’ दीर्घ आणि ‘वकिलाला’ ऱ्हस्व, ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व. हा फरक आज बहुतेकांच्या उच्चारात उरलेला नसल्यामुळे तो कानाने कळत नाही, पाठच करावा लागतो. शुद्धलेखनाचे गुण न कापण्याची महाराष्ट्रातील सवलत या भाषेपुरती तरी फार शहाणपणाची आहे.

वाचनाच्या सरावासाठी जी साधने आहेत ती अक्षमतेच्या उपचारासाठी बनवलेली नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनाने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची मराठी चित्रपुस्तके चार पातळ्यांत मिळतात. त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये असल्याने वर वर्णन केलेली अडचण तिथे येत नाही. गुगलने मार्च २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने आणलेल्या आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेल्या साधनात मूल मोठ्याने वाचते आणि दिया ही बोलकी सोबतीण अडलेला शब्द सांगते. मराठी त्यात लवकरच आली. यंत्र रागावत नाही आणि वर्गातली पोरे हसत नाहीत, हा त्यातला मोठा गुण. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने घालून देणारे विशेष शिक्षकाचे काम मात्र यांपैकी कोणतेही साधन करत नाही.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाखाली येणाऱ्या दोन कल्पना मराठीत मोफत आणि मुक्त अशा वेगवेगळ्या सांगता येतात, आणि या विषयात तो फरक जपायला हवा. एनव्हीडीए, टेसरॅक्ट, लिब्रेऑफिस ही साधने मुक्त आहेत: त्यांची रचना कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते, त्यामुळे मूळ कर्त्याने हात काढून घेतला तरी ती दुसऱ्याला चालवता येतात. मोठ्या कंपन्यांची साधने मोफत आहेत. ती उद्या बंद झाली किंवा दर आकारू लागली तर वर्गाला काही म्हणता येणार नाही. त्यांच्यातली बोलण्याची सोय पुष्कळदा मुलाचा आवाज दूरच्या संगणकाकडे पाठवते, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. तरीही आज मराठीतील सर्वांत चांगले आवाज आणि सर्वांत चांगली अक्षरओळख मोफत साधनांकडे आहे, मुक्त साधनांकडे नाही. मुक्ततेच्या आग्रहापोटी मुलाला दुय्यम साधन देणे हा शहाणपणा ठरणार नाही.

उरला प्रश्न परीक्षेचा, आणि बाकी सगळे त्याच्यापाशी येऊन थांबते. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे चाळीस टक्के किंवा अधिक, असलेल्या उमेदवाराला ताशी किमान वीस मिनिटे जादा वेळ, उत्तरे संगणकावर लिहिण्याचा पर्याय आणि तो संगणक एक दिवस आधी तपासून पाहण्याची मुभा देण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, हाताला लिहिताना पेटका येणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नीट परीक्षेत जादा वेळ नाकारल्या गेलेल्या, लेखनअक्षमता असलेल्या विद्यार्थिनीचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांखालील, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना आल्या. कायद्याची भूमिका अशी पुढे सरकली असताना शालान्त परीक्षेत सवलत म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो अजूनही लेखनिकच. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, आयत्या वेळी शोधावा लागतो, त्याला मजकूर सांगण्याचे कौशल्य निराळे असते, आणि वर्षभर व्हॉइस टायपिंगवर किंवा स्वरचक्रावर लिहिलेल्या मुलाला परीक्षेत एकाएकी माणसाला मजकूर सांगायला बसवणे म्हणजे सायकलवर शिकवून घोड्यावर शर्यत लावण्यासारखे आहे. जे परीक्षेत चालत नाही ते वर्गात शिकवले जात नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम असल्यामुळे मोफत साधने शाळेपर्यंत पोचूनही कपाटात राहतात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी कोल्हापूर विभागीय मंडळ आहे. इंटरनेट तोडलेला संगणक, युनिकोडमधील प्रश्नपत्रिका आणि मुलाच्या सवयीचा कळफलक एवढ्यावर मोजक्या केंद्रांत साधनांसह परीक्षा घेण्याचा प्रयोग करून पाहायला त्याहून मोठी यंत्रणा लागत नाही.

तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी एक गोष्ट आजच करावी. मुलाच्या कोणत्याही मराठी पुस्तकाची, मार्गदर्शकाची किंवा प्रश्नसंचाची डिजिटल प्रत उघडून तिच्यातली एक ओळ निवडावी आणि मोबाइलवरच्या कोऱ्या संदेशात चिकटवून पाहावी. ओळ मराठीत उमटली तर ती वाचून दाखवणारा आवाज फोनमध्ये आहेच. मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चुरा उमटला, तर तो चुरा तसाच प्रकाशकाला पाठवावा आणि पुस्तकाची युनिकोड प्रत मागावी.